रित्या शहरातील शर्यत

संगणकावरील मोटारशर्यतीचा विषय निघाला की पालकांच्या कपाळास आठी पडते आणि शिक्षकांच्या खोलीत एखादा सुस्कारा ऐकू येतो. वेळेचा अपव्यय, डोळ्यांची नासाडी आणि वेगाचे वेड असे तीन आरोप ठेवून खटला तेथल्या तेथे निकालात काढला जातो. या आरोपांत तथ्य नाही असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु ज्या गोष्टीत आमची मुले रात्रीचे दोन-दोन तास एकाग्र होऊन बसतात (आणि ही एकाग्रता व्याकरणाच्या तासाला आम्ही क्वचितच पाहिली आहे) ती गोष्ट न पाहताच तिच्यावर निकाल देणे शिक्षकाच्या धर्मास शोभणारे नाही. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही हा खेळ पाहिला, मुलांकडून समजावून घेतला, आणि दोन-तीनदा स्टिअरिंग हाती धरून मोटार भिंतीवर घातलीही. त्यातून आमचे जे मत बनले ते येथे मांडतो.

या खेळांत दोन जातींचे मार्ग असतात. एक शर्यतीसाठीच बांधलेले. इटलीतील मोंझाचा मार्ग १९२२ साली एका राजोद्यानात बांधला गेला, तर इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनचा मार्ग दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाच्या जागेवर उभा राहिला. दुसरी जात खऱ्या शहरांतील रस्त्यांची. हे रस्ते वर्षभर बसगाड्या, हातगाड्या, शाळकरी मुले आणि बाजारास निघालेल्या बाया यांच्या वहिवाटीचे असतात, आणि मोजके चार दिवस कठडे लावून शर्यतीच्या स्वाधीन केले जातात. यांतच असेही काही रस्ते येतात की जेथे खरी शर्यत कधी झालीच नाही, खेळ रचणाऱ्यांनी ती कल्पनेने घडविली. आमच्या मुलांना विचारले की तुम्हांस कोणता मार्ग अधिक आवडतो, तर दहांतील सात-आठ जण शहराचेच नाव घेतात. कोणी मोनॅको म्हणतो, कोणी मकाव, कोणी तोक्यो.

ही ओढ वेगाची असती तर मुलांनी मोंझा मागितला असता, कारण तेथे गाड्या सर्वांत जलद धावतात. मोनॅकोत उलट प्रकार आहे. फॉर्म्युला वनच्या मार्गांत तो सर्वांत मंद म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या एका वळणावर तर जगातील नामांकित चालकांनाही ताशी ५० किलोमीटरांच्या खाली यावे लागते. पणजीच्या मांडवी पुलावरून आमची कदंबाची बस याहून जलद जाते. तेव्हा ‘वेगाचे वेड’ हे पालकांचे निदान निदान या बाबतीत तरी चुकते. मुलांना जे हवे आहे ते दुसरेच काही आहे.

ते काय, हे कळण्यासाठी सिम्युलेटर म्हणजे काय हे थोडक्यात सांगावयास हवे. साध्या खेळात मोटार भिंतीस घासली तरी पुढे पळते. सिम्युलेटरमध्ये टायरची पकड, त्याची ऊब, टाकीतील इंधनाचे ओझे, ब्रेक दाबताच पुढच्या चाकांवर येणारा भार, या सर्वांचे गणित सेकंदास शेकडो वेळा मांडले जाते, आणि त्याचे उत्तर स्टिअरिंगमधून खेळणाऱ्याच्या मनगटास कळते. आयरेसिंग नावाचा सिम्युलेटर २००८ साली निघाला. त्याचे रचनाकार खऱ्या मार्गावर यंत्र ठेवून लेसरच्या किरणांनी लक्षावधी बिंदू मोजतात आणि त्यांवरून पृष्ठभाग उभा करतात. डांबरावरचे ठिगळसुद्धा मग जागच्या जागी येते.

आता शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गावर अशा मापनाने काय हाती लागते? अभियंत्याने जे ठरवून केले तेवढेच. वळणाची त्रिज्या त्याने ठरविलेली, चूक करणाऱ्यासाठी कडेला वाळू वा मोकळी जागा त्याने सोडलेली. शहराच्या रस्त्याचे तसे नसते. तो मधोमध किंचित उंच असतो, कारण पावसाचे पाणी दोहों बाजूंच्या गटारांत गेले पाहिजे. कोपरा काटकोनात वळतो, कारण तेथे कोणाचे तरी घर आधीपासून उभे आहे. चढ एकाएकी येतो, कारण टेकडी तेथे आहे. गटाराचे झाकण, पादचाऱ्यांसाठी रंगविलेले आणि पावसात निसरडे होणारे पट्टे, मधेच अरुंद होणारी गल्ली, यांतील प्रत्येक अडचणीस कारण आहे आणि ते कारण शर्यतीबाहेरचे आहे. शिवाय भिंत हाताच्या अंतरावर असते. दूरच्या डोंगरापेक्षा जवळचे झाड आगगाडीच्या खिडकीतून जलद पळताना दिसते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्याच न्यायाने भिंतींच्या मधून ताशी ८० किलोमीटर हे मोकळ्या मैदानातील २०० पेक्षा अधिक भासतात.

मोनॅकोतील पहिली शर्यत १९२९ साली झाली. अँतोनी नोगेस नावाच्या गृहस्थांनी ती भरविली, आणि मार्गाच्या शेवटच्या वळणास आज त्यांचेच नाव आहे. एक फेरी ३.३३७ किलोमीटरांची, वळणे १९, आणि फेऱ्या ७८. म्हणजे एका दुपारी चालकास १,४८२ वळणे घ्यावी लागतात. आमचा दहावीतील एक विद्यार्थी या वळणांची नावे डोळे मिटून क्रमाने म्हणतो. पहिले सेंत देव्होत, तेथे त्या राज्याच्या रक्षणकर्त्या संत स्त्रीचे देऊळ आहे. मग चढ, मग जुगारगृहासमोरचा चौक. खाली बोगदा, बंदर, आणि तंबाखूच्या दुकानावरून नाव पडलेले ताबाक. पुढे पोहण्याचा तलाव. त्यापुढील रास्कासला नाव मिळाले ते तेथल्या एका उपाहारगृहावरून, आणि हा शब्द मुळात एका माशाचा आहे. देऊळ, दुकान, तलाव, खाणावळ! आमच्या पूर्वजांनी गावच्या वाटांना जशी वडाची, विहिरीची, घुमटीची नावे दिली तशीच ही आहेत. त्या मुलाने युरोप खंड पाहिलेला नाही. परंतु त्या गावाची वाट त्याच्या अंगवळणी पडली आहे, आणि आमच्या मते ओढीचे खरे मूळ येथे आहे. शर्यतीचा मार्ग पाठ होतो. शहर परिचयाचे होते. खेळ संपल्यावर मुलाच्या मनात उरते ती एका दूरच्या गावी जाऊन आल्याची भावना.

मकावच्या बाबतीत आम्हां गोमंतकीयांस या भावनेत आणखी एक रंग मिसळलेला जाणवतो. चीनच्या किनाऱ्यावरील ही नगरी १८४४ सालापर्यंत कारभारदृष्ट्या गोव्याच्याच अखत्यारीत होती. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली, तेथील २० डिसेंबर १९९९ रोजी. मकावची शर्यत १९५४ साली सुरू झाली, तेव्हा दोन्ही गावांवर एकच निशाण फडकत होते. शहरात गुप्तधन शोधण्याचा एक मोटारखेळ भरवावा अशी तेथील काही हौशी मंडळींची मूळ कल्पना होती, तिच्यातून ही शर्यत निघाली असे सांगतात. मार्ग ६ किलोमीटरांहून किंचित लांब, आणि गिया टेकडीवरून त्याचे नाव गिया. टेकडीवर १८६५ साली बांधलेले दीपगृह आहे. समुद्राकाठी रुंद सरळ रस्ता, आणि टेकडीवर चढताच ७ मीटर रुंदीच्या गल्ल्या, असा दोन स्वभावांचा हा मार्ग. त्यावर सान फ्रान्सिस्को, दोना मारिया, प्रसूतिगृह, कोळी अशा नावांची वळणे लागतात.

रेसरूम नावाच्या सिम्युलेटरमध्ये हा मार्ग आहे. तो प्रथम पाहिला तेव्हा आमच्या घरच्या कोंकणी भाषेतील शब्द आमच्या ओठांवर आले. रस्त्याकडेची जनेले, सज्जे, फिकट रंगाच्या भिंती. फोंतेइन्याश भागातून फिरणाऱ्यास यांतले काहीच परके वाटू नये. याच मार्गावर मूरांच्या नावाची एक टेकडी लागते. मूर म्हणजे पोर्तुगिजांच्या बोलीत मुसलमान, आणि मकावात हा शब्द हिंदुस्थानातून गेलेल्या शिपायांनाही चिकटला. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास १८७४ साली गोव्याहून नेलेल्या पोलीस पलटणीसाठी बांधलेली ‘मूरांची बराक’ आजही उभी आहे. म्हणजे जी टेकडी आमची मुले दुसऱ्या गिअरमध्ये चढतात तिच्या नावाचा धागा त्यांच्याच पणजोबांच्या काळातील माणसांशी जुळतो. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा जो मुलगा इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर पाहतो, त्याने प्रथमच हात वर करून विचारले, “सर, ते शिपाई परत आले काय?” या एका प्रश्नासाठी आम्ही त्या खेळाचे ऋणी आहोत.

येथपर्यंत आम्ही वकिली केली. आता जे खटकते ते सांगतो.

शहरांचे रस्ते खेळात आणण्याचा उद्योग जुना आहे. १९९९ साली ‘मिडटाउन मॅडनेस’ या खेळाने शिकागो शहर संगणकावर आणले. २००० साली लिव्हरपूलच्या एका मंडळीने ‘मेट्रोपोलिस स्ट्रीट रेसर’ हा खेळ काढला. त्यात लंडन, तोक्यो व सान फ्रान्सिस्को यांचे काही भाग होते, आणि गंमत अशी की खेळातील घड्याळ त्या त्या शहराच्या खऱ्या वेळेशी जुळविलेले असे. लिव्हरपूलमध्ये सकाळी खेळावयास बसले तर तोक्योचा रस्ता संध्याछायेत दिसे. ‘ग्रान तुरिस्मो’च्या तिसऱ्या भागात, २००१ साली, तोक्योतील एका हमरस्त्याचा मार्ग आला; चौथ्या भागात न्यूयॉर्क, हाँगकाँग आणि सेऊल. इमारती, दिवे, फलक, झाडे सर्व जागच्या जागी. वेळसुद्धा जागच्या जागी! नव्हती ती एकच गोष्ट. रस्त्यावर माणूस नव्हता.

शिकागोच्या त्या पहिल्या खेळात माणसे होती असे कोणी म्हणेल. होती खरी, परंतु त्यांची अशी योजना केलेली होती की गाडी कितीही वेगाने अंगावर गेली तरी ती शेवटच्या क्षणी उडी मारून बाजूस होत. एकही पादचारी चाकाखाली येऊ शकत नसे. रचनाकारांचा हेतू चांगलाच होता. लहान मुलांच्या खेळात रक्त दिसू नये. आम्हांस मात्र ती उडी मारणारी माणसे रिकाम्या रस्त्यापेक्षाही अधिक अस्वस्थ करतात. रिकामा रस्ता निदान काही शिकवीत नाही.

शिकागोची गोष्ट पुढे आणखी विलक्षण झाली. अमेरिकेतील नॅसकार ही शर्यतसंस्था व आयरेसिंग यांनी २०२१ साली त्या शहरातील ग्रँट पार्कभोवतीच्या रस्त्यांचा एक मार्ग संगणकात रचला. तेव्हा तेथे खऱ्या शर्यतीचे नावही नव्हते. तो मार्ग लोकांस इतका पसंत पडला की पुढे २०२३ च्या जुलैत त्याच रस्त्यांवर खरी शर्यत भरली. साडेतीन किलोमीटरांचा मार्ग, १२ वळणे. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिस्बर्गन हा त्या मालिकेत प्रथमच उतरलेला चालक ती जिंकून गेला. नकाशा आधी आणि रस्ता मागाहून, असा हा उलटा क्रम. परंतु त्या दिवशी शिकागोत मुसळधार पाऊस कोसळला, रस्त्यांत पाणी साचले, शर्यत खोळंबली आणि अंधार पडू लागल्यामुळे फेऱ्या कमी कराव्या लागल्या. नकाशास जे ठाऊक नव्हते ते शहराने एका दुपारी दाखवून दिले. आणि रस्ते बंद झाले म्हणून तेथील रहिवाशांनी केलेली कुरकुर तर कोणत्याच सिम्युलेटरमध्ये ऐकू येत नाही.

आपल्याकडेही हे घडले आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. मार्ग २.८ किलोमीटरांचा, वळणे १८. ज्याने ती दूरदर्शनवर पाहिली त्यास सुंदर तळे व सुंदर रस्ता दिसला. ज्यांना त्या दिवसांत कामावर जावयाचे होते त्यांना वाहनांची कोंडी दिसली. दोन्ही दृश्ये खरीच. परंतु पडद्यावर एकच मावते. त्याच्या तीन वर्षे आधी, २०२० च्या मे महिन्यात, तर तिसरेच दृश्य होते. महामारीमुळे मोनॅकोची शर्यत रद्द झाली, खरे रस्ते खरोखरीच ओस पडले, आणि शर्यतीच्या नेमक्या रविवारी फॉर्म्युला वनच्या काही चालकांनी आपापल्या घरी बसून संगणकावरील मोनॅकोत शर्यत केली. तीत जॉर्ज रसेल जिंकला. जग त्या वेळी सिम्युलेटरसारखे दिसत होते. ते कोणास आवडले होते काय?

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या वर्गात एक प्रयोग केला. खेळणाऱ्या सात-आठ मुलांना प्रत्येकी दोन कागद दिले. एकावर मकावचा मार्ग काढा, दुसऱ्यावर तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. पहिल्या कागदावरची चित्रे पाहून भूगोलाच्या शिक्षकांनी तोंडात बोट घातले. प्रत्येक वळण जागेवर, कोठे ब्रेक दाबावा याची खूण, कोठे भिंत जवळ येते त्याची नोंद. दुसऱ्या कागदावर एक रेघ, दोन कोपरे, आणि टोकाला ‘शाळा’. एकाने वाटेवरची चढण काढली होती, कारण तेथे सायकल हाताने ढकलावी लागते. चर्चसमोर सकाळी भरणारा मासळीबाजार कोणीच काढला नाही. बालवाडीचे फाटक एकाच मुलाने दाखविले. त्याची धाकटी बहीण तेथे जाते.

मुलांस हिणविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आपल्या परिचयाचा रस्ता आपणांपैकी कोणास नीट काढता येईल? परंतु या दोन कागदांतील फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. लंडन शहरात टॅक्सी हाकणाऱ्यांस एक कठीण परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात, आणि त्यासाठी उमेदवार तीन-चार वर्षे ते रस्ते फिरतात. अशा चालकांच्या मेंदूतील स्थळस्मरणाशी संबंधित भागाचा मागचा अंश इतरांहून मोठा असतो, असे २००० साली लंडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. रस्ते पाठ करणे हे बुद्धीचे खरे काम आहे, हे यावरून दिसते. मात्र त्या परीक्षेत नुसते रस्ते पुरत नाहीत. रुग्णालय कोठे, नाट्यगृह कोठे, कचेरी कोठे, तिचे दार कोणत्या अंगास, हेही यावे लागते, कारण तेथे कोणास तरी उतरावयाचे असते. टॅक्सीवाल्याच्या शहरात दारे असतात. आमच्या मुलांनी पाठ केलेल्या शहरात फक्त भिंती आहेत. त्या भिंतींना दारे रंगविलेली आहेत, पण त्यांतून कधी कोणी बाहेर येत नाही.

आणि भिंतीची किंमतही तेथे कोणास द्यावी लागत नाही. १९६७ च्या शर्यतींचा हुबेहूब प्रत्यय देणारा ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा सिम्युलेटर १९९८ साली निघाला, आणि जाणकार आजही त्याचे नाव आदराने घेतात. त्यात त्या वर्षीचे मोनॅको आहे. त्याच वर्षी ७ मे रोजी बंदराजवळच्या वळणावर इटलीच्या लोरेंझो बांदिनीची मोटार उलटून पेटली. कडेला संरक्षणासाठी गवताचे भारे ठेवले होते, त्यांनी आग अधिक भडकली. तीन दिवसांनी तो वारला, वय ३१. खेळात ते वळण आहे. तेथे आपटले तर एक कळ दाबावयाची आणि पुन्हा आरंभरेषेवर यावयाचे.

मकावात १८ नोव्हेंबर २०१८ रोजी सोफिया फ्लोर्श या जर्मन मुलीची मोटार लिस्बोआ वळणावर ताशी २७० किलोमीटरांहून अधिक वेगात हवेत उडाली आणि कठड्यावरून पलीकडे जाऊन आदळली. तिचा पाठीचा कणा मोडला. काही छायाचित्रकार व मार्गावरील एक कर्मचारीही जखमी झाले. दीर्घ शस्त्रक्रियेनंतर ती वाचली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा त्या मार्गावर उतरली, हे तिच्या धैर्याचे. परंतु अपघाताच्या दिवशी ती १७ वर्षांची होती. आमच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींच्या वयाची. कठडे, शिरस्त्राण, वैद्य, रुग्णवाहिका आणि बंद केलेला रस्ता, एवढी सिद्धता असतानाची ही गोष्ट आहे. आमच्या गावच्या रस्त्यावर यांतील काय असते?

कारण हीच मुले दुसऱ्या दिवशी मामाची वा थोरल्या भावाची स्कूटर बाहेर काढतात. कायद्याने सोळा वर्षे पुरी झाल्यावर ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालविता येते, आणि त्यापुढील वाहनास अठरा पुरी व्हावी लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम आम्ही पालकसभेत वाचून दाखविले तेव्हा सभागृहात शांतता पसरली, आणि बाहेर पडताना फाटकापाशी दोन पालकांची मुले स्कूटर घेऊन त्यांची वाट पाहत उभी होती.

खेळामुळे मुले बेफाम गाडी हाकतात, असे सरळ विधान आम्ही करणार नाही. तसे सिद्ध करण्यास आमच्यापाशी आधार नाही, आणि संगणक शिवलाही नाही अशी मंडळी रस्त्यावर काय करतात ते आपण रोज पाहतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या मुलाने तीनशे संध्याकाळी रित्या शहरात गाडी चालविली त्यास आपण शहरात चालवितो आहोत असे वाटत असते. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे त्यास ठाऊक असते, कारण तेथे रोज तेच असते. खऱ्या गल्लीत कोपऱ्यापलीकडे रोज निराळे असते. आज म्हैस, उद्या लग्नाची वरात, परवा बालवाडीतून सुटलेली एक चिमुरडी. आंधळे वळण खात्रीने घेता येणे हे सिम्युलेटरमधील कौशल्याचे शिखर आहे. आमच्या गावात तीच खात्री प्राणघातक आहे. शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गाचा खेळ खेळणारास हा भ्रम होत नाही, कारण मोंझा त्यास कधी आपल्या आळीसारखा दिसत नाही. शहराच्या नकाशाची जी मोहिनी आम्ही वर वाखाणली, तिच्याच पोटात ही अडचण आहे.

मग बंदी घालावी काय? शिक्षकांच्या बैठकीत तशी सूचना आली होती, आणि आम्ही तिच्या विरुद्ध बोललो. बंदीने खेळ थांबत नाही, तो फक्त आमच्या दृष्टीआड जातो. शिवाय ज्या खेळाने एका मुलास गोव्याच्या विसरलेल्या शिपायांविषयी प्रश्न विचारावयास लावले, त्यास हाकलून देण्याइतके आम्ही श्रीमंत नाही. आम्हांस वाटते ते असे की, रित्या शहरात काय काय ठेवलेले नाही याची यादी मुलांनी स्वतः करावी. ती त्यांना आमच्यापेक्षा चांगली करता येईल, कारण ते शहर त्यांना पाठ आहे.

याची सुरुवात झालीही आहे. आसेत्तो कोर्सा नावाच्या सिम्युलेटरमध्ये हौशी लोकांस स्वतः रचलेले मार्ग घालता येतात. तोक्योचे उन्नत महामार्ग अशाच हौशी मंडळींनी त्यात हुबेहूब उभे केले आहेत. आमच्या दोन मुलांच्या मनात पणजीचा फोंतेइन्याश भाग रचावयाचा आहे. एकाने गल्ल्यांची रुंदी पावलांनी मोजून आणली. दुसरा छायाचित्रे काढतो, आणि रुआ द ओरेंवरील एका आजोबांनी त्यास ‘बांधकाम खात्याचा माणूस’ समजून गटाराची तक्रार लिहून दिली, ती त्याने जपून ठेवली आहे. परवा दोघे आमच्याकडे एक वाद घेऊन आले. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर त्या मार्गावर ठेवावा की न ठेवावा? एक म्हणतो, ठेवला तर शर्यत होणार नाही. दुसरा म्हणतो, न ठेवला तर ते फोंतेइन्याश होणार नाही. आम्ही निकाल दिला नाही. दोघांनी दोन नकाशे करावेत, एवढे सुचविले.

येत्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात चित्रकलेच्या प्रदर्शनाशेजारी एक भिंत आम्ही मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आहे. तीवर विद्यार्थ्यांनी काढलेले आपापल्या घर ते शाळा या वाटेचे नकाशे लावावयाचे आहेत. कागद चित्रकलेच्या खोलीत मिळेल. सकाळी सात ते आठ या वेळेत त्या वाटेवर जे जे असते ते सर्व दाखवावे, कुत्र्यांसह. पाचवी ते दहावीतील कोणीही भाग घ्यावा. नकाशे वर्गशिक्षकांकडे द्यावेत.